प्रस्तावनेसकट सात भाग

आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन मी करतो. 'करत होतो' असं लिहा म्हणणारे लोक गावात आहेत, पण मी 'करतो' असंच लिहिणार. आषाढी पौर्णिमेला वाचन सुरू होतं, आश्विन पौर्णिमेला समाप्ती. रोज दिवेलागणीला वंदना झाली की मी चौरंगापुढं बसतो, पांढऱ्या कपड्यात बांधलेला ग्रंथ सोडतो आणि काल जिथं थांबलो तिथून पुढं वाचायला लागतो.

माझं शिक्षण चौथी. चौथी पुरी झाली का नाही यावरून आमच्या घरात वाद आहे. बापाच्या हाताखाली चिखल कालवायला लागलो आणि पुढं जन्मभर गवंडीकाम केलं. नायगाव, बिलोली, नांदेड, जिथं काम निघालं तिथं गेलो. विहाराच्या भिंतीही माझ्याच हातच्या. वाचन माझ्याकडं आलं ते असं : आधी वाचणाऱ्या म्हाताऱ्याची नजर गेली, शिकलेली पोरं नोकऱ्यांवर शहरात गेली, आणि जी उरली ती इतक्या घाईनं वाचायची की अर्धे शब्द गिळायची. मी बोट ठेवून हळू वाचायचो. ऐकणाऱ्याला हळू वाचलेलंच लागतं. कुणी नेमलं नाही, ठराव केला नाही. मी बसलो आणि मग कुणी उठवलं नाही.

उठवायची वेळ आली ती एका थंडीत, हरभरा घाट्यावर आला होता तेव्हा. अंगणातल्या कट्ट्याला चीर गेली होती म्हणून मी थोडा माल कालवून गिलावा करायला बसलो होतो. हातातली थापी खाली पडली. उचलली, परत पडली. मला वाटलं हात ओला आहे. बायको चहा घेऊन आली. मी घोट घेतला तर अर्धा चहा सदऱ्यावर.

"आवं, तुमचं तोंड वाकडं कामून झालं?" ती म्हणाली.

मी म्हणालो, काही नाही झालं. म्हणजे म्हणायला गेलो. तोंडातून जे निघालं ते माणसाचं बोलणं नव्हतं.

अंगावरून वारं गेलं, असं गल्लीनं ठरवलं. एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, एकीनं बिलोलीकडचा कुणी झाडपाला देणारा सांगितला. माझी मुलगी लातूरला सरकारी नर्स आहे. बायकोनं तिला फोन लावला, तर तिनं फोनवरूनच सगळ्यांना गप्प केलं. बाबाला काही पाजू नका, अंगाला काही चोळू नका, गाडी करा आणि सरळ नांदेडचा दवाखाना गाठा. तसं केलं म्हणून मी आज लिहून राहिलो.

नांदेडहून मुलीनं आम्हा दोघांना लातूरला तिच्या क्वार्टरवर नेलं. पाय बराचसा वाचला होता. उजवा हात महिनाभरात घास तोंडापर्यंत न्यायला लागला. जबान मात्र जागची हलेना. तोंडात कुणी ओली माती भरावी तसं वाटायचं. पाणी मागितलं तर मुलगी दोनदा विचारायची, जावई हसून मान हलवायचा. मला काय हवं ते फक्त बायकोला कळायचं, आणि ते तिला मी न बोलताच कळत होतं, म्हणजे माझ्या बोलण्याचा त्यात काही वाटा नव्हता.

होळीच्या आधी आमच्या विहाराचा सचिव मला बघायला आला. सचिव म्हणजे माझ्याच वयाचा, लहानपणी एका म्हशीवर बसून दोघं ओढ्यात पडलेलो. मोसंबी घेऊन आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला, गावातल्या चार गोष्टी सांगितल्या. निघताना म्हणाला, "गड्या, तू आता आराम कर. वाचनाची फिकीर करू नको. माझ्या भावाची नात बी.एड. झाली, यंदा ती वाचंल. चांगली पोरगी हाय."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच जास्त लागलं. वैऱ्यानं काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी त्याला सांगायला लागलो की आषाढ अजून लांब आहे, पण 'आषाढ' मधला 'षा' माझ्या ओठातून लाळेसारखा ओघळला. त्यानं तो आपल्या रुमालानं पुसला आणि बस धरायला निघून गेला.

त्या दिवशी मी ठरवलं. आषाढी पौर्णिमेला चौरंगापुढं मीच बसणार.

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, माझ्या नातीच्या वयाच्या. गाल फुगवा, जीभ या गालाला लावा, त्या गालाला लावा, मेणबत्ती फुंका. पोरांचे खेळ. मी ते सगळे केले. शेवटी त्या म्हणाल्या, काका, रोज मोठ्यानं वाचत जा, घसा थकेपर्यंत वाचा. काय वाचता त्याला महत्त्व नाही.

काय वाचता त्याला महत्त्व नाही, हे मला पटलं नाही. पण बाई चांगल्या होत्या, म्हणून गप्प बसलो.

घरी आल्यावर मुलीनं हौसेनं कपाटातून ग्रंथ काढला. विहारात आहे तोच, तिच्या घरी ठेवलेला. बाबा, तुमचा पाठच आहे, सोपं जाईल, म्हणाली. मी हात लावला नाही. शब्द फुटत नव्हते, तरी तिला समजेल इतकं सांगितलं : त्या ग्रंथातलं अक्षर मी मोडक्या तोंडानं काढणार नाही. जबान सरळ होईल तेव्हा तो ग्रंथ उघडेन. मुलगी समजावत राहिली, मग चिडली, मग पेपर आणून दिला.

पेपर चार दिवस वाचला. अपघात, खून, भाव पडले, पाणी आटलं. बायको म्हणाली, तुमच्या तोंडून हे ऐकण्यापरीस तुम्ही मुके बरे. शिवाय पेपरचं असं की आजचं आज मरतं. उद्या परत उघडायला ओढ लागत नाही.

मुलीच्या पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात एका रंगाच्या सात जाड कादंबऱ्या होत्या. जावयाच्या वडिलांनी कधीकाळी हौसेनं घेतलेल्या. एकाच गोष्टीचे सात भाग, मराठीतलं जुनं नावाजलेलं काम आहे, असं जावई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्यानं स्वतः दुसऱ्या भागाच्या अर्ध्यात सोडलं होतं. मी तोपर्यंत एकही कादंबरी वाचलेली नव्हती आणि त्याचा मला अभिमान होता. माझा बाप म्हणायचा, पुस्तक आपल्या हातात लई उशिरा आलं, आता त्यात खोटं वाचायला वेळ कुणाला हाय? बाप निरक्षर होता, पण हे मला पटलं होतं. पुस्तक म्हणजे खरं. ज्यात खोटी माणसं खोटी भांडणं करतात ते रिकाम्या लोकांचं.

त्या कपाटाकडं बघता बघता मला सुचलं, की मोडक्या तोंडाला हेच बरं. खोट्या माणसांचं बोलणं माझ्या तोंडात मोडलं तर कुणाचं काय जातं? मी बोटानं पहिला भाग दाखवला. मुलगी बघतच राहिली.

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघं गच्चीवर जायचो. पाण्याच्या टाकीची सावली पडायची तिथं सतरंजी टाकायची. मी हातपाय धुऊन बसलो, समोर पाट मांडला, पाटावर बायकोचा धुतलेला टॉवेल घातला आणि वर पुस्तक ठेवलं. मुद्दाम नाही, सवयीनं. बायको तोंडाला पदर लावून हसली.

"खोट्याला येवढा मान?"

मी लक्ष दिलं नाही. वाचायला लागलो. आता विहारातली आमची रीत अशी की ग्रंथ वाचायचा तर सगळा. वेष्टनावरचं नाव, आवृत्ती कितवी, छापणारा कोण, अर्पण कुणाला, मग प्रस्तावना, मग पहिला खंड. एक ओळ सोडायची नाही. पहिल्या दिवशी याचंच वाचन सुरू असतं आणि लोक हात जोडून ऐकतात. तसंच मी इथं केलं. नाव, छापखाना, मूळ किंमत, सगळं. मग प्रस्तावना. कुणा विद्वानानं लिहिलेली, लांबलचक, एकेका वाक्यात श्वास संपायचा. 'स्थित्यंतर' असा एक शब्द होता, त्यानं मला दोन दुपारी अडवून धरलं. बायको भिंतीला टेकून ऐकायची. तिला वाचता येत नाही, आणि प्रस्तावनेतलं तिला काही कळतही नव्हतं. मला तरी कुठं कळत होतं. मी दगड उचलावा तसा एकेक शब्द उचलून पुढं ठेवत होतो.

आठवडाभरानं प्रस्तावना संपत आली. एका वाक्यावर माझं बोट आलं आणि मी अक्षर-अक्षर काढत निघालो. चौथ्या... भागात... थोरल्या भावाचा... घाटात होणारा... इथं थांबलो, थुंकी गिळली, पुढचा शब्द धरला. मृत्यू. हा मृत्यू म्हणजे या सात भागांचा कणा आहे, असं ते वाक्य होतं.

मी बायकोकडं बघितलं. ती माझ्याकडं बघून राहिली होती.

"आजून गोष्ट सुरूच न्हाई झाली," ती म्हणाली, "आन् तुमी मारला बी त्याला?"

संध्याकाळी मुलगी हसून हसून बेजार झाली. अहो बाबा, प्रस्तावना कोणी आधी वाचतं का? ती गोष्ट वाचून झाल्यावर बघायची असते. मी तिला विचारलं, मग ती आधी कामून छापली? पाया आधी भरतात का छत टाकल्यावर? याचं उत्तर मला वाटतं कुणाकडंच नाही. ग्रंथ मी असाच वाचत आलो, पुढंही असाच वाचणार. ज्यानं ते वाक्य तिथं लिहिलं त्यानं विचार करायला पाहिजे होता.

पण बायको रुसली. मेलेल्या माणसाची गोष्ट मी ऐकणार नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच गच्चीवर गेलो. पहिलं प्रकरण काढलं. दोन भाऊ समुद्राकाठून मीठ भरून बैलगाड्या घाटावर आणतात, हा त्यांचा पिढीजात धंदा. पहिल्याच पानावर थोरला पहाटे बैलाच्या शिंगांना हात लावून बघतो, गार आहेत का ऊन. मी ते वाचत असताना जिन्यात पावलं वाजली. बायको येऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, शिंगं गार असली तर बैलाला बरं नाही समजायचं.

तिथून आमचं सुरू झालं.

लातुरात मोठ्यानं वाचणाऱ्याकडं कुणी वळून बघत नाही. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर क्लासची पोरं-पोरी हातात पुस्तक घेऊन फेऱ्या मारत पाठ करत असतात. माझा तोतरा आवाज त्यांच्यात खपून जायचा. गावात असतो तर लोक ओट्यावर येऊन बसले असते, हळहळले असते. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका पोरीनं एकदा विचारलं, आजोबा, तुम्ही कशाची तयारी करून राहिलात? मी तोंड जुळवेपर्यंत बायकोनं उत्तर दिलं, "आषाढ पुनवंची." पोरीला वाटलं तशीही एखादी परीक्षा असेल. म्हणाली, ऑल द बेस्ट.

मला अडचण बायकोची होती. एखाद्या शब्दावर अडकलो की तिला दम निघत नसे. गाडी चिखलात रुतली, थोरल्यानं बैलांना हाक दिली, आणि पुढच्या शब्दावर मी अडकलो की ती लगेच सांगायची, "वढलं! गाडी वढली बैलांनी!" आणि पुष्कळदा तेच असायचं. मला संताप यायचा. मी सांगितलं, शब्द मला काढू दे. ती म्हणाली, तुमचा शब्द निघेस्तोवर बैल म्हातारे होतील. आम्ही त्यावरून भांडलो. माझं भांडणही अडखळत. पण एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की भांडताना मी लांबलचक वाक्य बोलून गेलो आणि तिला ते सगळं समजलं, नाहीतर तिनं इतकं खोचक उत्तर दिलं नसतं.

त्या दुपारी कशा होत्या ते सांगायला पाहिजे. सकाळी उठलं की घरातला प्रत्येक जण विचारायचा, आज कसं वाटतं? फोन आला की तेच. गोळ्या, रक्तदाब, मीठ कमी. खालच्या मजल्यावर मी बिमार माणूस होतो. गच्चीवर पुस्तक उघडलं की मला कुणी विचारत नसे. तिथं धाकट्याचं लग्न मोडायला आलेलं असायचं, घाटातल्या नाक्यावरचा शिपाई गाड्या अडवून बसलेला असायचा, थोरल्याच्या बायकोचं आणि सासूचं पटत नसायचं. माझी बायको सासूच्या बाजूनं होती. मी सुनेच्या. रात्री जेवताना आम्ही त्याच गोष्टी बोलायचो, तर जावयाला वाटलं की गावात कुणाच्या घरी काही झालं. जन्मात नव्हती ती माणसं, पण त्यांच्या काळजीत माझी काळजी दुपारपुरती निजायची. खोट्याचा हा उपयोग माझ्या बापाला कुणी सांगितला नव्हता.

आणि थोरला मरणार आहे हे आम्हाला ठाऊक होतं. त्याला नव्हतं. तो आपला नवीन चाकाला लोखंडी पट्टी बसवायचा, पुढल्या सालच्या गोष्टी करायचा. बायको रोज बसायच्या आधी विचारायची, "आज घाट हाय का?" नाही म्हटलं की पाय पसरून बसायची. आहे म्हटलं की मांडी घालून. चौथा भाग लांब होता, तरी दुसऱ्या भागातच ती प्रत्येक वळणाला दचकायची. एकदा म्हणाली, त्याला कुणी सांगत कामून न्हाई? मी म्हणालो, सांगितलं तर तो गाडी जुंपायची सोडेल का? तिनं विचार केला. नाही सोडणार, म्हणाली. त्याच्या बैलांना कोण बघंल?

त्याच आठवड्यात मी मुलीला समोर बसवलं. दवाखान्यात डॉक्टर तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलले होते, ते ती माझ्यापासून लपवून ठेवून राहिली होती. मी म्हणालो, काय ते सांग. तिनं इकडंतिकडं केलं. मी उठू दिलं नाही. शेवटी म्हणाली, "पुन्हा येऊ शकतं, बाबा. कधी येईल ते सांगता येत नाही. गोळ्या चुकवल्या तर लवकर येईल." तिचे डोळे भरले. मी बरं म्हणालो. बायको चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकरी थापून राहिली होती. पाठमोरीच म्हणाली, "झाली का तुमची प्रस्तावना वाचून? आता म्होरलं वाचा."

उन्हाळा पेटला तेव्हा चौथा भाग लागला. टाकीची सावली आखूड झाली, आम्ही जिन्याच्या माथ्यावर बसायला लागलो. माझी जबान आता पुष्कळ वळत होती. 'र' आणि 'ळ' अजून दगा द्यायचे, पण व्यायामाच्या बाईंना माझं सगळं कळायला लागलं होतं. मग ती दुपार आली. घाट, उतार, मागच्या गाडीचं चाक निखळलेलं, थोरला दगड लावायला गाडीखाली वाकलेला. पान उलटायच्या आधी बायकोनं पुस्तकावर हात ठेवला.

"येवढं पान सोडा," ती म्हणाली. "मरू द्या त्याला, पण आपल्यासमोर नगं."

तिनं माझ्याकडं आयुष्यात फार काही मागितलेलं नाही. पण मी म्हणालो, पान सोडायचं नसतं. तिनं हात काढला.

मी वाचत गेलो. जबान साथ देत होती, एक अक्षर अडलं नाही. आणि जिथं धाकटा मागून हाक मारतो आणि हाकेला उत्तर येत नाही, तिथं मी थांबलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा असं झालं की जबान चालायला तयार होती आणि मीच थांबलो होतो. बायकोनं शब्द सांगितला नाही. पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मी प्यालो. मग ते पान संपवलं.

बोटाखाली पुस्तकाची उरलेली जाडी दिसत होती. आणि तो संपल्यावर अजून तीन भाग. बायको ते तीन भाग बघायला खाली कपाटापाशी गेली, मीही मागोमाग. एकेकाची जाडी चिमटीत धरून बघितली. येवढं काय लिव्हलं असंल त्याच्या मागं, म्हणाली. मी म्हणालो, गाड्या चालूच असतील. दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी गच्चीवर बसलेली होती.

आषाढ लागताच आम्ही गावाकडं निघालो. मुलगी अजून राहा म्हणत होती. मी ऐकलं नाही. पिशवीत सहावा, मिठाच्या गाड्या पावसात अडकल्या तिथवर वाचलेला, आणि सातवा भाग घेतला. लातूरहून अहमदपूर, लोहा, नांदेड आणि तिथून नायगावची बस, सगळीकडं बायकोनं ती पिशवी मांडीवर धरली.

सचिव पारावर भेटला. मी त्याला सरळ सांगितलं, पुनवेला मी वाचणार. त्याला माझं बोलणं कळलं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. आनंदही दिसला. पण भावाच्या नातीला शब्द देऊन बसलेला, तिच्या बापाला सांगितलेलं. तो माझा हात धरून बाजूला घेऊन गेला.

"गड्या, तुझी जबान लई सुधरली. पण तू शब्दाशब्दाला थांबतो. लोकं ऐकायला येतेत, थांबायला न्हाई."

"तीन महिने हायत," मी म्हणालो. "थांबायला शिकतील."

तो हसला नाही. मी पण हसलो नाही. शेवटी त्यानं तोड काढली : पहिल्या संध्याकाळी मी बसायचं, पोरीनं शेजारी. लोक उठायला लागले तर ग्रंथ तिच्याकडं. मी कबूल झालो. मनात म्हणालो, उठू द्या कोण उठतं ते.

पुनवेला विहार भरलं होतं. पावसानं उघडीप दिली होती, पोरंटोरं दारात. एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. बायको बायांच्या रांगेत पुढं, पांढरं लुगडं नेसून. वंदना झाली. मी पांढरा कपडा सोडला. मोडक्या तोंडानं हा ग्रंथ उघडणार नाही म्हणालो होतो. जबान सगळी सरळ झालेली नव्हती, पण मी तिच्यावर घाम गाळला होता, आणि घाम गाळलेल्या कामाला मी मोडकं म्हणत नाही. विहाराच्या माझ्या हातच्या भिंतीतही कुठंकुठं वीट वाकडी आहे, मला ठाऊक आहे. भिंत उभी आहे.

ग्रंथाचं नाव वाचलं. आवृत्ती वाचली. छापणाऱ्याचं नाव वाचलं. हळू, नेहमीपेक्षा हळू. प्रस्तावना सुरू केली. पहिलं पान गेलं. दुसऱ्या पानावर मधोमध तोच बसलेला होता. स्थित्यंतर. आधीच्या सालांत कितीदा वाचलेला, कधी ध्यानातही आला नव्हता.

मी 'स्थि' म्हणालो आणि जबान टाळूला चिकटली.

सचिवानं मान खाली घातली. शेजारच्या पोरीचे ओठ हलले, ती सांगणार होती, चांगल्या मनानंच. मी समोर बघितलं. बायकोनं तिच्याकडं बघून बोट उचललं, अगदी थोडं, मांडीवरून. पोरगी थांबली. बायकोला तो शब्द येत होता. गच्चीवर दोन दुपारी ऐकलेला. वढलं, गाडी वढली, असं माझ्या तोंडातून हिसकावून घेणारी बाई तोंड मिटून बसली होती, आणि माझ्याकडं न बघता समोरच्या दिव्याकडं बघत होती.

मी श्वास घेतला. व्यायामाच्या बाईंनी शिकवलं होतं तसं जीभ दातामागं नेली. स्थित्. यं. तर. तीन तुकड्यांत काढला. मग तेच वाक्य पहिल्यापासून परत वाचलं, आणि या वेळी तो अखंड निघाला. पुढं गेलो.

एक बाई उठली, तिचं लेकरू रडत होतं. बाकी कुणी उठलं नाही. माझा घसा जिथं थकला तिथं मी स्वतः बोट ठेवलं आणि ग्रंथ पोरीकडं सरकवला. तिनं ते बोट बघितलं आणि त्याच शब्दापासून उचललं. चांगली वाचते. थोडी घाई करते, सांगायला पाहिजे. तेव्हापासून आमची तीच वहिवाट पडली आहे. घसा थकेपर्यंत मी, पुढं ती. कुठवर मी आणि कुठून ती, हे माझं बोट ठरवतं.

बाहेर चपला घालताना सचिव म्हणाला, "तुझ्या चालीनं गेलो तर समाप्ती दिवाळीला होईल."

"मग दिवाळीला कर," मी म्हणालो.

वाटेत चिखल होता. बायको माझ्या उजव्या बाजूनं चालत होती, त्या अंगाला अजून तोल जातो म्हणून. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "ते पावसात आडकलेलं मीठ, भिजलं का वाचलं, येवढं तरी बघून सांगा. सहावा पिशवीतच हाय."

"उद्या," मी म्हणालो. "दुपारी. जिथं थांबलो तिथून."